धंदा बंद, हप्ते चालू: साथीच्या काळात छोट्या व्यावसायिकानं आणि घरानं पैशाचं काय करावं

साथीत सरकार मदत जाहीर करतं ती सगळ्यांसाठी, पण हातात पडते ती ज्याचं नाव आधीपासून कुठल्या तरी यादीत आहे त्याच्या. करोनाच्या साथीत, २०२०-२१ मध्ये हेच झालं. केंद्राच्या हमीवरचं जादा कर्ज मिळालं ते २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज होतं त्याला. फेरीवाल्यांचं कर्ज मिळालं ते २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून गाडी लावणाऱ्याला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्यानं दिलेले दीड हजार रुपये होते नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षावाले यांच्यासाठी. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर वर्षानुवर्षं भेळेची गाडी लावणारा माणूस कागदावर नसेल, तर सरकारच्या लेखी तो नव्हताच.

इथे सांगितलेल्या सोयींपैकी काही कायमच्या आहेत, काही साथीपुरत्या होत्या आणि आता बंद आहेत. जी बंद आहे तिथं तसं लिहिलं आहे. तरीही ती माहीत असावी, कारण पुढच्या खेपेची योजना बहुतेक याच साच्यातून निघेल.

पहिल्या आठवड्यात वही काढा

शटर खाली आलं की पहिलं काम बँकेत धावायचं नाही. एका पानावर महिन्याला बाहेर जाणारी प्रत्येक रक्कम लिहा: कुणाला, किती, कुठल्या तारखेला आणि न दिल्यास किती दिवसांत काय होतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गाळामालकाशी बोलून भाडं महिनाभर पुढं जातं. वीजबिल थकलं तर नोटीस येते, मग जोडणी तुटते. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी तर आपला पैसाच नव्हे. तो खेळत्या भांडवलात वापरायची सवय असेल, तर साथीत ती सगळ्यात आधी अंगाशी येते.

बँकेच्या कर्जाला घड्याळ असतं. हप्ता चुकल्यापासून ३० दिवसांपर्यंत खातं ताणाच्या पहिल्या पायरीवर, ६० पर्यंत दुसऱ्या, ९० पर्यंत तिसऱ्या. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचा शिक्का बसलेलं. ५ एप्रिलचा हप्ता भरलाच नाही, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ही वेळ येते. एनपीए ठरवताना बँक खातं बघत नाही, खातेदार बघते. म्हणजे एकाच बँकेत तुमचं पंधरा लाखांचं कॅश क्रेडिट (मालसाठ्यावर मिळणारं खेळत्या भांडवलाचं कर्ज) असेल आणि मोटारसायकलचा तीन हजारांचा हप्ता नव्वद दिवस थकला, तर दोन्ही खाती एनपीए होतात. लहान हप्ता मोठ्या कर्जाला बुडवतो. म्हणून एकाच बँकेतली सगळी खाती एकत्र लिहा आणि त्यातला सर्वात लहान हप्ता आधी भरा.

कॅश क्रेडिटवाल्यांची चूक वेगळीच असते. धंदा बंद आहे म्हणून ते दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे साठ्याचा तपशील, बँकेला देत नाहीत. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली रक्कम अनियमित धरली जाते आणि ती अनियमितता ९० दिवस राहिली की पुन्हा तोच शिक्का. माल हलला नसला तरी 'गेल्या महिन्याइतकाच साठा' असं स्टेटमेंट द्या.

उत्पन्न किती दिवस थांबेल याचा अंदाज धंद्याप्रमाणे करा. देवळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला पुन्हा उघडली. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराचे दोन उन्हाळे आणि एक नवरात्र असं गेलं. भाविक आणि पर्यटक यांच्यावर ज्याचं पोट, त्यानं सहा महिन्यांच्या खालचा हिशेब मांडूच नये. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या मशीन शॉपची गोष्ट उलटी: काम त्या मानानं लवकर परततं, बिलाचे पैसे लवकर येत नाहीत.

हप्ता थांबवावा का? आधी गणित

२७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं १ मार्च ते ३१ मेचे हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली आणि २२ मेला ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुष्कळांनी ती माफी समजून घेतली. ती माफी नव्हती. व्याज चालूच होतं आणि ते मुद्दलात मिळत होतं.

वीस लाखांचं घरकर्ज, ८.५ टक्के व्याज, पंधरा वर्षं बाकी धरा. हप्ता सुमारे १९,७०० रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर बाकी वीस लाखांवरून जवळपास २० लाख ८६ हजार ५०० होते. हप्ता तोच ठेवला तर १८० ऐवजी १९७ हप्ते भरावे लागतात आणि कर्ज जवळजवळ दोन वर्षं उशिरा फिटतं. सहा महिन्यांत वाचले १ लाख १८ हजार, पण एकूण हिशेबात जास्तीचे गेले सुमारे ३ लाख २८ हजार.

आता दुसरं टोक. गाडीचं कर्ज, दोन लाख बाकी, ११ टक्के, चोवीस हप्ते राहिलेले, हप्ता ९,३०० च्या आसपास. सहा महिने थांबवलं तर साधारण दीड हप्ता वाढतो, म्हणजे चौदा हजारांचा फटका. संपत आलेलं कर्ज थांबवणं स्वस्त, नुकतंच सुरू झालेलं लांब मुदतीचं कर्ज थांबवणं महाग. लोक बरोबर उलटं करतात, कारण घराचा हप्ता मोठा दिसतो.

मधला रस्ता आहे आणि तो फार थोडे घेतात: फक्त व्याज भरायचं. वरच्या घरकर्जाचं महिन्याचं व्याज १४,१६७ रुपये. तेवढं भरत राहिलं तर मुद्दल वाढत नाही, कर्ज सहाच महिने लांबतं आणि जास्तीचा खर्च ८५ हजारांवर थांबतो. हप्त्यापेक्षा साडेपाच हजार कमी भरायचे आणि शेवटी जवळपास अडीच लाख वाचवायचे. शाखेत जाऊन "व्याज सर्व्हिस करतो, मुद्दल पुढं ढकला" असं लेखी द्या. तोंडी सांगितलेलं सिस्टिममध्ये येत नाही.

पुढची अडचण खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची. काही बँकांनी उत्तर न देणाऱ्याचा हप्ता चालू ठेवला, काहींनी थांबवला. 'आपण सवलत घेतली' या समजुतीत राहिलेल्यांचा हप्ता परत गेला आणि दोन्हीकडचा दंड बसला. म्हणून सवलत मागितल्यावर पुढच्या तारखेच्या चार दिवस आधी शाखेकडून किंवा मेसेजवरून खात्री करा. तोवर खात्यात एक हप्ता राहू द्या.

२०२० मध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सरकारनं परत दिलं. हप्ते नियमित भरले त्यांनाही ते मिळालं. अशी रक्कम गाजावाजा न होता जमा होते, नाही तर होतही नाही. खातेउतारा तपासायचा तो यासाठी.

मुदत वाढवून घेण्याचा अर्ज

सवलतीचे महिने संपले आणि उत्पन्न अजून निम्म्यावरच असेल, तर कर्जाची पुनर्रचना मागायची. साध्या दिवसांत पुनर्रचना केली की खातं बहुधा एनपीएत उतरतं. साथीत रिझर्व्ह बँकेनं ती अट बाजूला ठेवली होती: एकदा ६ ऑगस्ट २०२० च्या चौकटीत आणि पुन्हा ५ मे २०२१ ला. दुसऱ्या खेपेला खातं ३१ मार्च २०२१ रोजी नियमित असणं गरजेचं होतं, मागणी ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत मान्य व्हायला हवी होती आणि मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकत होती. दोन्ही बंद झाल्या. पुन्हा अशी चौकट आली तर तिच्यातही ठरावीक दिवशी खातं नियमित असण्याची अट असणार, हे धरून चाला. त्या दिवसाआधी एखादा हप्ता उसनवारीनं भरावा लागला तरी भरावा, ते परवडतं.

अर्जात 'धंदा बंद आहे, सहकार्य करावे' एवढंच असेल तर तो फायलीत पडून राहतो. हे हवं:

१. कर्ज खात्यांचे क्रमांक, मंजूर रक्कम, आजची बाकी.
२. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या त्याच तीन महिन्यांची विक्री, शेजारी शेजारी. पुरावा म्हणून जीएसटी विवरणपत्रं किंवा बँकेचा उतारा.
३. मागणी आकड्यात: 'सहा महिने फक्त व्याज, नंतर मुदत बारा महिन्यांनी वाढवावी, हप्ता १४ हजारांच्या आत.'
४. उत्पन्न परत कशावर येणार: हातातल्या ऑर्डरी, येणी, हंगाम.

दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह शिक्का घ्या आणि त्याच दिवशी शाखेच्या ई-मेलवर पाठवा. खातं साठ दिवसांच्या आत थकलेलं असताना गेलेला अर्ज आणि ८५ व्या दिवशी गेलेला अर्ज यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. जामीनदाराला आधी सांगा. त्याला नोटिशीवरून कळलं तर नातं जातं. पुनर्रचनेची नोंद सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, दिसते हे खरं, पण ती थकबाकीच्या नोंदीपेक्षा बरी. सगळ्यात वाईट 'सेटल्ड'. थोडे पैसे घेऊन कर्ज मिटवल्याचा तो शेरा पुढचं कर्ज वर्षानुवर्षं अडवतो.

नवं कर्ज घ्यायचं असेल तर

सुरुवातीला सांगितलेल्या, केंद्राच्या हमीवाल्या आपत्कालीन कर्जाची रचना अशी होती: २९ फेब्रुवारी २०२० च्या बाकीच्या २० टक्के, तारण नाही, बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के, मुदत चार वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष फक्त व्याज. पंधरा लाख बाकी असलेल्याला तीन लाख मिळाले. पहिलं वर्ष महिन्याला २,३०० रुपये. तेराव्या महिन्यापासून ९,५७५. तो तेरावा महिना बहुतेकांचा नेमका दुसऱ्या लाटेत किंवा तिच्या पाठोपाठ आला आणि पूर असलेल्या भागात जुलै २०२१ चं पाणीही त्यातच. ही योजना ३१ मार्च २०२३ ला संपली. धडा एवढाच, की सुरुवातीच्या हप्त्यावर जाऊ नका, दुसऱ्या वर्षाचा हप्ता काढून तो गेल्या वर्षीच्या नफ्यातून निघतो का ते पाहा.

या योजनेत कोल्हापूरचा मोठा वर्ग बसलाच नाही. इथला छोटा धंदा पतसंस्था आणि भिशीवर चालतो आणि ते कर्ज या हिशेबात धरलं जात नव्हतं. सगळं कर्ज पतसंस्थेत असेल तर निदान एक लहान खातं बँकेत असू द्या.

त्यासाठी छोट्या धंद्यांची मुद्रा कर्ज योजना सोयीची. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत. तरुण कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ पासून वीस लाखांपर्यंतचा टप्पा आहे. तारण लागत नाही. 'मुद्रा मंजूर करून देतो, आधी फी भरा' म्हणणारा प्रत्येक फोन फसवणुकीचा. शाखेबाहेर कुणालाच पैसे द्यायचे नसतात.

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी अजून सुरू आहे. २०२० मध्ये पहिलं कर्ज १० हजारांचं होतं. ऑगस्ट २०२५ च्या निर्णयानं पहिलं १५ हजार, दुसरं २५ हजार, तिसरं ५० हजार झालं आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज परत मिळतं, शिवाय क्यूआर कोडवर घेतलेल्या पैशावर कॅशबॅक. महापालिकेच्या सर्वेक्षणातलं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र हवं. ते नसेल तर महापालिकेकडून शिफारसपत्र मागता येतं. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी: आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो आणि ओटीपी येत नाही. आधी आधार केंद्रात नंबर बदला, मग फॉर्म भरा.

चप्पल शिवणारे, चांदीकाम करणारे यांनी पीएम विश्वकर्मा बघावी. ही सप्टेंबर २०२३ ची. अठरा कारागिरी व्यवसाय त्यात आहेत, चर्मकार आणि सोनार धरून. ५ टक्क्यांनी आधी एक लाख, ते फिटल्यावर दोन लाख, शिवाय अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत. नोंदणी सीएससी केंद्रात (सरकारी सेवांच्या ऑनलाइन केंद्रात) होते आणि एका कुटुंबातल्या एकालाच मिळते. गेल्या पाच वर्षांतलं मुद्रा किंवा स्वनिधी कर्ज अजून बाकी असेल तर बसत नाही. पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं.

अडकलेली बिलं

कास्टिंग, मशिनिंग, जॉबवर्क करणाऱ्यांना साथीत कर्जाआधी दुसरीच गोष्ट करायची असते: स्वतःचा पैसा मागायचा. कायदा त्यांच्या बाजूचा आहे आणि तो वापरला जात नाही.

२००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचा पैसा लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावा लागतो. 'आमच्याकडं ९० दिवसांची पद्धत आहे' हे खरेदी ऑर्डरवर छापलेलं असलं तरी कायद्यापुढं टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. मे २०२० नंतर बँक रेट ४.२५ टक्के होता, म्हणजे व्याज १२.७५. दोन लाखांचं बिल सहा महिने रखडलं तर सुमारे १३,१०० रुपये होतात.

अट एक: माल दिला त्या दिवशी उद्यम नोंदणी, म्हणजे उद्योगाची सरकारी नोंद, हवी. आधीच्या बिलांना नंतरची नोंदणी उपयोगी पडत नाही. नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन, आधार आणि पॅनवर, फुकट. सरकारी पोर्टलसारखी दिसणारी आणि दोन-तीन हजार मागणारी संकेतस्थळं भरपूर आहेत, तिथं जाऊ नका. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म. दुकानदारांनाही उद्यम क्रमांक मिळतो, पण तो कर्जाच्या प्राधान्यापुरता. उशिराच्या व्याजाचा हा हक्क उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांचा आहे. ज्यांच्याकडं पॅन किंवा जीएसटी नाही अशा घरगुती उद्योगांसाठी उद्यम असिस्टचं प्रमाणपत्र निघतं.

क्रम असा ठेवा. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. डिलिव्हरी चलनावर माल घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख घ्या. नुसतं गेट एंट्रीचं रजिस्टर त्यांच्याच ताब्यात असतं. दर तिमाहीला खात्याच्या बाकीची पुष्टी ई-मेलवर मागा. 'बाकी बरोबर आहे' एवढं एक ओळीचं उत्तर पुढं पुराव्याचं मोठं काम करतं. मग ४५ दिवस उलटल्यावर व्याजाचा आकडा लिहून पत्र. त्यानंतर केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज. करोनाकाळात हे काम 'समाधान' पोर्टलवर व्हायचं. प्रकरण असे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडं जातं. कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि समोरच्याला तो आव्हानित करायचा असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही अट कळली की पुष्कळ ठिकाणी तडजोड होते.

मोठं गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे. म्हणून थेट अर्जाआधी सौम्य हत्यार वापरा: आयकराचं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाला मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. ज्या वर्षी देईल त्या वर्षी. तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उद्यम प्रमाणपत्र जोडून बाकीची यादी खरेदी विभागाकडं नव्हे, लेखा विभागाकडं पाठवा. मार्चअखेर पैसे निघायची शक्यता तिथून जास्त.

जीएसटी आणि वीज

विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. शून्य विवरणाला दिवसाला २० रुपये, एरवी ५० रुपये उशीर शुल्क, आणि सलग सहा महिने न भरल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. शून्य विवरण जून २०२० पासून १४४०९ वर एसएमएसनं भरता येतं. पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर तिमाही विवरणाचा पर्याय घ्या.

विजेचं लॉकडाऊनमधलं बिल सरासरीवर आलं आणि जूनमध्ये मीटर वाचल्यावर एकदम तीन महिन्यांचं. तक्रार करण्याआधी एक गोष्ट पाहा: एकत्र आलेले युनिट तीन महिन्यांत विभागून मग स्लॅब लावला आहे का? तसं नसेल तर बिल फुगतं आणि ते दुरुस्त करून मिळतं. बरोबर असेल तर हप्ते मागा. कारखान्यांचा स्थिर आकार तेव्हा तीन बिलांपुरता पुढं ढकलला होता, माफ नव्हता. इचलकरंजीत यंत्रमाग बंद ठेवणाऱ्यानं किंवा एमआयडीसीत निम्मी मशिनं थांबवणाऱ्यानं मंजूर भार कमी करून घ्यायचा अर्ज द्यावा. बंद मशिनाचाही आकार दर महिन्याला चालूच राहतो.

कामगारांसाठी

मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये शंभरपर्यंत कामगार आणि त्यातले ९० टक्के १५ हजारांखालचे असतील, तर मालक आणि कामगार दोघांचा पीएफ सरकारनं भरला. लाभ मिळाला तो महिन्याचं चलन वेळेवर अपलोड करणाऱ्यांना.

कामगाराला स्वतःच्या पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता किंवा शिल्लकीच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी ते काढता येत होतं. पगार १२ हजार, शिल्लक ४० हजार असेल तर ३६ हजार आणि ३० हजार यांतले ३० हजार. ते कलम जून २०२४ मध्ये बंद केलं. दावे नाकारले गेले त्याची कारणं मात्र आजही तीच: आधारवर एक नाव आणि कंपनीच्या नोंदीत दुसरं, जन्मतारखेत फरक, बँक विलीन झाल्यामुळं बदललेला आयएफएससी कोड. या तिन्ही गोष्टी नोकरी चालू असतानाच दुरुस्त करा. काम सुटल्यावर मालकाची मंजुरी मिळवायला फेऱ्या पडतात, ठेकेदारामार्फत काम असेल तर आणखीच.

पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या निम्मे, आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत. २४ मार्च २०२० पासून हा भत्ता २५ वरून ५० टक्के झाला. काम सुटून ३० दिवस झाल्यावर दावा करता येतो.

घर

रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर आणि घरातल्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आहे का ते दुकानात पॉस मशीनवर तपासा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर, मुलाचं कुठेच नाही, हे नेहमीचं. माणशी पाच किलो धान्य मिळतं ते नाव असलेल्यांचंच. प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार, ग्रामीण भागात ४४ हजार.

दवाखान्याचं बिल घर बुडवतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२० मध्ये राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली. तिचा एकच नियम पाठ करा: नोंद रुग्ण दाखल असताना व्हायला हवी. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, दाखल होताच तिथं रेशनकार्ड आणि आधार द्या. सुट्टी झाल्यावर, बिल भरून झाल्यावर काही करता येत नाही. खाजगी रुग्णालयांच्या दरांवरही तेव्हा मर्यादा होती. जून २०२१ च्या आदेशात कोल्हापूर शहर 'ब' वर्गात होतं: साध्या वॉर्डला दिवसाला ३,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ५,५०० आणि व्हेंटिलेटरसह ६,७०० रुपये. असा आदेश निघाला की त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि बिल तपशीलवारच मागा.

घरात कुणी गेलं तर, कितीही जड गेलं तरी, त्यांची सगळी पासबुकं काढा आणि दर वर्षीचा मेचा शेवटचा आठवडा बघा. ३३० रुपये किंवा जून २०२२ नंतर ४३६ रुपये कापलेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख. १२ किंवा २० रुपयांची कपात अपघात विम्याची. जनधन खातं काढताना फॉर्मवर सही घेतलेली असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो. ज्या शाखेत खातं, तिथंच मृत्यू दाखला आणि वारसाची कागदपत्रं देऊन दावा करा. करोना मृत्यूच्या ५० हजारांच्या सानुग्रह मदतीत अडचण आली ती चाचणीचा अहवाल हरवलेल्यांना आणि मृत्यूच्या कारणात दुसरंच लिहिलं गेलेल्यांना. अहवाल, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

भिशी, पतसंस्था, सावकार, ॲप

साथीत भिशी मोडते ती एकाच तऱ्हेनं: आधी उचललेले लोक भरायचं थांबवतात आणि न उचललेले अडकतात. कुणी एकानं गपचूप भरणं बंद करण्याआधीच सगळ्यांनी बसून फेरीच दोन-तीन महिने स्थगित करा, कुणी किती भरलं, कुणी उचललं हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. लिलावाची भिशी अशा काळात बंदच ठेवा. गरजवंत पडेल त्या भावानं उचलतो आणि मग तोच बुडतो.

पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेची हप्ता-सवलत आपोआप लागू होत नाही, तिच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. तिथं संचालक मंडळाच्या नावे अर्ज द्या आणि ठरावाची प्रत मागा. वसुली अधिकाऱ्याचा तोंडी शब्द धरून बसू नका.

सावकाराकडं जायचीच वेळ आली तर परवाना बघा. राज्यानं ठरवलेले दर बिगरशेती कर्जाला तारणावर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के, शेतकऱ्याला ९ आणि १२. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ, ते बेकायदाच. कोरा चेक, कोरा स्टॅम्प, घराचं खरेदीखत यांवर सही नको. कर्जापोटी करून दिलेली खरेदीखतं सोडवायला वर्षं जातात. सोनं असेल तर बँकेत तारण ठेवणं यापेक्षा कितीतरी स्वस्त.

मोबाइलवरच्या कर्ज ॲपबद्दल: देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी कोण हे नावानिशी दिसत नसेल, किंवा ॲप संपर्कयादी आणि फोटोंची परवानगी मागत असेल, तर काढून टाका. धमक्या सुरू झाल्या तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

महिला गटावरच्या मायक्रोफायनान्स कर्जात एकीचा हप्ता राहिला की बाकीच्यांना बसवून ठेवतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाईल असं कर्ज देताच येत नाही आणि मुदतीआधी फेडल्यास दंडही नाही. दुसरं, तिसरं कर्ज घेऊन पहिलं फेडणाऱ्यांनी हा निम्म्याचा हिशेब आधी स्वतः मांडावा.

वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या एजंटांना मनाई आहे. तक्रार आधी बँकेकडं लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही, माहितीचा फोन १४४४८. बँकेला दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली पोच सोबत जोडा, नाहीतर तक्रार वेळेआधीची म्हणून परत येते. पतसंस्था आणि सावकार यांच्याबद्दलची तक्रार लोकपालाकडं चालत नाही. ती तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं द्यायची.